बांध, तगाई आणि यादी : सोलापूर परिसरातील मृदसंधारणाचा सरकारी खर्च व त्याची प्रसिद्धी

सोलापूर शहरातील भवानी पेठेच्या अंगाने तुळजापूरच्या रस्त्याला लागले आणि उत्तरेकडे काही मैल गेले म्हणजे हिप्परग्याचा तलाव दिसू लागतो. सरकारी दप्तरात त्याचेच नाव एकरुख तलाव असे आहे. अदिला नदी अडवून बांधलेल्या या तलावाचे काम १८७१ साली पुरे झाले, आणि १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटिअरात त्याची माहिती ज्याला पाहिजे त्याला वाचावयास मिळते. सार्वजनिक पैशाने सार्वजनिक जागेवर केलेल्या कामाचा हिशेब जाहीर असावा, यात त्या काळीही कोणाला काही वावगे वाटले नाही. परंतु याच रस्त्याच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या शेतांतून विसाव्या शतकात जे मातीचे बांध, ज्या ताली, जे नालाबांध आणि पुढे जी शेततळी झाली, त्यांची गोष्ट निराळी आहे. तेथे पैसा, निदान त्याचा काही भाग, सरकारचा. जमीन मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्या एकेका खातेदाराची. अशा कामावरील खर्च कोणापुढे, केव्हा आणि कोणत्या स्वरूपात मांडावयाचा, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही.

प्रचलित समज असा आहे की, अशा खर्चाची प्रसिद्धी हे २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराचे अपत्य होय. त्यापूर्वी सरकार आणि शेतकरी यांच्यामधील व्यवहार दप्तराच्या अंधारात होत असे. जुने कायदे उघडून पाहिले तर हा समज टिकत नाही. प्रसिद्धी पूर्वीही होती. तिचा हेतू, तिची वेळ आणि तिचे ठिकाण ही तीन मात्र वेगळी होती, आणि या तिन्हींत जो बदल होत गेला त्यातच या विषयाचा इतिहास साठविलेला आहे.

प्रथम जमिनीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. कारण बांधाचे स्वरूप ध्यानात आल्यावाचून त्याच्या हिशेबाचा प्रश्न नीट उमगत नाही. सोलापूर जिल्ह्याचा पाऊस थोडा, त्याहीपेक्षा लहरी, आणि त्याचा मोठा वाटा पावसाळ्याच्या उत्तरार्धात, विशेषतः सप्टेंबरात पडणारा. खरिपाचा भरवसा नाही. शेतकऱ्याची सारी मदार रब्बीच्या ज्वारीवर. ही ज्वारी थंडीतल्या कोरड्या दिवसांत वाढते ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर. काळी जमीन भिजली की फुगते आणि पाणी आत घेण्याचा तिचा वेग मंदावतो. मग सप्टेंबरातल्या एखाद्या मोठ्या सरीचे पाणी थोड्याशा उतारावरूनही वाहून जाते व जाताना वरचा सकस थर घेऊन जाते. १९३३ च्या सुमारास तत्कालीन इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च या संस्थेच्या साह्याने सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधनकेंद्र सुरू झाले. तेथे वाहून जाणारे पाणी व त्याबरोबर जाणारी माती यांची प्रत्यक्ष मोजणी करण्यात आली. एन. व्ही. कानिटकर यांचा कोरडवाहू शेतीवरील इंग्रजी ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला, त्यामागे या केंद्रातील आणि विजापूरसारख्या इतर केंद्रांतील अनुभव होता. मुंबई पद्धती म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या कोरडवाहू पद्धतीत विरळ पेरणी, थोडे बियाणे, वारंवार कुळवणी अशी अनेक अंगे होती. परंतु तिचा पाया होता तो बांध.

बांध हा एकट्याच्या शेतातला असला तरी एकट्याचा नसतो. समपातळीवर घातलेली बांधाची ओळ खातेदारांच्या हद्दी मानीत नाही. ती चार-सहा जणांच्या शेतांतून जाते. वरच्या शेतकऱ्याने बांध फोडला, किंवा त्याचा सांडवा चुकीच्या जागी ठेवला गेला, तर पाण्याचा सारा लोट खालच्याच्या शेतात उतरतो आणि एका रात्रीत घळ पडते. उलट वरच्याचा बांध पक्का असेल तर खालच्याच्या विहिरीला पाणी टिकते. म्हणून शेजाऱ्याच्या शेतात सरकारने किती लांबीचा बांध घातला, तो खरोखर तेवढा घातला काय, आणि त्याचा सांडवा कोठे आहे, याची चौकशी करणारा शेतकरी हा परक्याच्या व्यवहारात डोकावणारा मनुष्य नव्हे. त्याचे स्वतःचे शेत त्या उत्तरावर अवलंबून असते. मृदसंधारणाच्या खर्चाची प्रसिद्धी ही इतर दानांच्या प्रसिद्धीहून जातीनेच वेगळी आहे ती या कारणाने.

१८७६ ते १८७८ या वर्षांच्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० साली आला, आणि त्याच्या मागोमाग १८८३ साली भूमिसुधारणा कर्जाचा कायदा व १८८४ साली शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा झाला. यांपैकी पहिल्या कायद्याखाली मिळणाऱ्या पैशाला गावोगाव तगाई म्हणत. हा शब्द जुना. मराठी राज्याच्या दप्तरांतही तो सापडतो. इंग्रजी कायद्याने त्याला नियमांची चौकट दिली एवढेच. विहिरी, तळी, पाण्यापासून होणाऱ्या झिजेपासून जमिनीचे रक्षण, जमिनीची कायमची सुधारणा अशा कामांसाठी हे कर्ज मिळे. परतफेड हप्त्यांनी, मुदत सामान्यतः ३५ वर्षांच्या आत, आणि हप्ता थकला तर जमीनमहसुलाच्या बाकीप्रमाणे वसुली.

या कायद्याचे पाचवे कलम आजच्या वाचकाने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. कर्जासाठी अर्ज आल्यावर, अधिकाऱ्याला योग्य वाटल्यास, त्याने त्या अर्जाची जाहीर नोटीस काढावी, ज्यांची हरकत असेल त्यांना ठरलेल्या दिवशी व ठिकाणी बोलवावे, प्रत्येक हरकतीचा विचार करावा आणि ती मान्य की अमान्य याचा लेखी हुकूम द्यावा, अशी त्यात तजवीज आहे. म्हणजे अर्जदाराचे नाव, त्याची जमीन आणि तीवर करावयाचे काम ही पैसा हाती पडण्यापूर्वीच उघड होऊ शकत. ही तजवीज काही रयतेच्या प्रेमापोटी झालेली नव्हती. सरकारी कर्जाची वसुली सुधारलेल्या जमिनीतून होत असे आणि तिचा परिणाम त्या जमिनीवरील गहाणदाराच्या हक्कावरही होत असे. तेव्हा सावकाराला आधी ऐकून घेणे भाग होते. शिवाय ‘योग्य वाटल्यास’ या शब्दांनी सारा अधिकार अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवला होता. तरीही कायद्याने एक गोष्ट गृहीत धरली होती : शेतकऱ्याच्या जमिनीवर सरकार पैसा घालते तेव्हा त्या जमिनीशी संबंध असलेल्या इतरांना त्यावर बोलण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार काम होण्यापूर्वीचा आहे.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तगाईचा पैसा परत यावयाचा होता. म्हणून कोणाला किती दिले, कोणत्या जमिनीसाठी दिले, काम झाले की नाही, याची नोंद ठेवण्यात सरकारचाच स्वार्थ होता. कर्जाची वही धनको जपतो. तिला दुसऱ्या राखणदाराची गरज नसते.

१९४२ साली मुंबई इलाख्यात भूमिसुधारणा योजनांचा कायदा झाला आणि चित्र पालटले. एकेका शेतकऱ्याने अर्ज करावा, कर्ज घ्यावे व आपल्या शेतापुरता बांध घालावा, या मार्गाने जमिनीची धूप थांबणार नाही, हे तोवर कळून चुकले होते. बांधाची ओळ हद्दी मानीत नसेल तर योजनाही हद्दी न मानणारी पाहिजे. नव्या कायद्याने त्यासाठी मंडळे निर्माण केली. मंडळाने एखाद्या क्षेत्रासाठी योजनेचा मसुदा तयार करवावयाचा, तो राजपत्रात आणि त्या त्या गावी प्रसिद्ध करावयाचा, हरकती मागवावयाच्या, चौकशी अधिकाऱ्याने त्या ऐकून अहवाल द्यावयाचा, आणि मग मंजुरी. ठरावीक प्रमाणाबाहेर जमीनधारकांचा विरोध नसेल तर योजना सर्वांवर बंधनकारक होई, विरोध करणाऱ्यांवरही. खर्चाचा काही भाग सरकार सोशी व उरलेला जमीनधारकांकडून वसूल होई. थकबाकीची वसुली पुन्हा जमीनमहसुलाप्रमाणेच. सोलापूर, नगर, विजापूर यांसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यांत बांधबंदिस्तीची मोठी कामे पुढील काळात झाली ती याच मार्गाने.

गावात प्रसिद्ध करणे याचा त्या काळचा रूढ अर्थ चावडीवर कागद लावणे आणि दवंडी पिटणे असा होता. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. चावडीवरचा कागद वाचू शकणारे लोक थोडे. हरकत घेण्याची हिंमत असलेले त्याहून थोडे. ज्याची गावात चार-दोन एकर जमीन आहे पण जो सोलापूरच्या गिरणीत किंवा मागावर कामाला येऊन भवानी पेठेसारख्या एखाद्या पेठेत बिऱ्हाड करून राहिला आहे, त्याच्यापर्यंत दवंडी पोहोचण्याचा संभवच नव्हता; त्याला योजनेची वार्ता कळावयाची ती वसुलीच्या मागणीने. विधवा व अज्ञान खातेदारांची गोष्ट याहून वेगळी नसणार. आणि बहुमताचा नियम हा जमिनीच्या प्रमाणाशी बांधला म्हणजे मोठ्या जमीनदाराचे मत जड होणार हे उघड आहे.

हे सर्व मान्य करूनही १९४२ च्या रचनेचे महत्त्व उरतेच. त्या रचनेत जे प्रसिद्ध होत होते ते माणसांची यादी नव्हे, तर कामाचा आराखडा. कोणत्या क्षेत्रात, कोणत्या जमिनींतून काम जाणार, खर्च किती आणि त्याचा वाटा कोणावर किती पडणार, हे काम सुरू होण्यापूर्वी गावासमोर येत असे. खर्चाचा वाटा स्वतःच्या खिशातून जाणार असल्यामुळे शेतकरी त्या आराखड्याकडे डोळे उघडे ठेवून पाही. बांध कमी लांबीचा घालून जास्त लांबीचा खर्च दाखविला, तर त्याचा भार त्याच शेतकऱ्याच्या माथी येई. फसवणूक अशक्य होती असे नव्हे. पण ती ओळखण्यात ज्याचे हित होते तो मनुष्य त्याच बांधावर उभा होता. सरकारी निरीक्षकाला जे गावकऱ्याकडून विचारून घ्यावे लागते ते येथे रचनेतच आले होते.

१९७२-७३ च्या दुष्काळाने हा सांधा निखळला. पाऊस सलग हुकला. राज्यात दुष्काळी कामांवरील माणसांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाखांवर गेली. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, जे काम मिळेल त्यावर माणसे उतरली. यातूनच रोजगार हमी योजना आकारास आली. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. काम मागणे हा हक्क मानणारी ही योजना जगाच्या नजरेत भरली, आणि ते योग्यच होते. परंतु मृदसंधारणाच्या हिशेबावर तिचा जो परिणाम झाला त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे.

रोजगार हमीत पैसा दिला जाई तो मजुराला, मजुरी म्हणून. म्हणून हिशेबाचे मुख्य कागद दोन : हजेरीपट आणि मोजमाप पुस्तिका. हजेरीपटावर नावे मजुरांची. ज्याच्या शेतात बांध झाला तो खातेदार या हिशेबात पैसे घेणारा म्हणून कोठेच दिसत नाही, कारण त्याला रोख काही मिळालेलेच नसते. मिळालेला असतो तो बांध. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात या योजनेतून निर्माण होणाऱ्या मालमत्तेचा लाभ जमीनधारक वर्गाकडे जातो, हा मुद्दा मांडला. त्याला येथे एवढीच पुस्ती जोडावयाची की, तो लाभ हिशेबाच्या भाषेत अदृश्य होता. खोट्या हजेरीविषयी बोभाटा झाला तर तो मजुरांच्या नावांवरून झाला. भर उन्हात खडी फोडणाऱ्या बाईचे नाव सरकारी कागदावर आले, आणि तिच्या कष्टाने ज्याची जमीन सुधारली त्याचे नाव आले नाही, ही या काळातील प्रसिद्धीची विचित्र विषमता होय.

१९९० साली राज्याने फळबाग लागवडीची योजना रोजगार हमीशी जोडली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर फळझाडे लावण्यासाठी अनुदान मिळू लागले. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याच्या बाजूस डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या त्यात या योजनेचा वाटा मोठा आहे. याच सुमारास ठिबक सिंचनासारख्या गोष्टींनाही अनुदाने मिळू लागली होती. आता जमीनधारक कागदावर परत आला, पण नव्या नावाने. तगाईच्या काळात तो कर्जदार होता. १९४२ च्या कायद्यात तो जमीनधारक होता, म्हणजे हक्क व देणे दोन्ही असलेला. आता तो लाभार्थी झाला. शब्दांतील हा बदल वरवरचा नाही. कर्जदाराला वसुलीसाठी शोधून काढावे लागते, जमीनधारकाला ऐकून घ्यावे लागते. लाभार्थ्याला निवडले जाते. निवड जेथे आली तेथे ‘त्यालाच का, मला का नाही’ हा प्रश्न आला, आणि प्रसिद्धीची मागणी यापुढे मुख्यतः याच प्रश्नाभोवती फिरू लागली. बांध कोठे आहे हा प्रश्न मागे पडला. नाव कोणाचे आहे हा पुढे आला.

या प्रवाहाला अपवाद नव्हते असे नाही. नगर जिल्ह्यातील राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार या गावांतील पाणलोटाची कामे प्रसिद्ध आहेत. तेथे कामाचा विचार ग्रामसभेत होई आणि खर्चही गावासमोर येई. १९९२ साली राज्याने आदर्श गाव योजना आखली ती या अनुभवाच्या आधारे. परंतु ही गावे नेतृत्वाच्या बळावर उभी राहिली होती; तेथील रीत कायद्याने सर्वत्र लागू करता आली नाही.

माहितीच्या अधिकाराची चळवळ महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या नावाशी जोडली गेली हा योगायोग नव्हे. पाणलोटाच्या कामातला मनुष्य हिशेबाच्या प्रश्नाशी येऊन थांबणे स्वाभाविकच होते. राज्याने २००० साली पहिला कायदा केला, तो अपुरा ठरल्यावर २००२ साली दुसरा, आणि २००५ साली संसदेचा कायदा होऊन तो १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आला. या कायद्याच्या कलम ४(१)(ख) मधील बारावी बाब प्रस्तुत विषयाशी थेट भिडते. अनुदानाचे कार्यक्रम कोणत्या रीतीने राबविले जातात, त्यांसाठी किती रकमा नेमून दिल्या आणि त्यांचे लाभाधिकारी कोण, याचा तपशील प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी मागण्यापूर्वी आपण होऊन प्रसिद्ध करावा, असे ती सांगते. १८८३ च्या कायद्यातील ‘योग्य वाटल्यास’ येथे नाही.

हक्काच्या दृष्टीने ही झेप फार मोठी आहे. १८८३ साली बोलण्याचा अधिकार हितसंबंध असलेल्याला होता. १९४२ साली योजनेच्या टापूतील लोकांना. २००५ साली तो कोणत्याही नागरिकाला मिळाला, आणि कारण सांगण्याची अटही उरली नाही. परंतु वेळ आणि ठिकाण यांचा हिशेब मांडला तर दुसरी बाजू दिसते. पूर्वीची प्रसिद्धी कामाआधीची होती, आताची यादी बहुधा पैसा दिल्यानंतरची. पूर्वीची गावात होती. आताची तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या कचेरीत, आणि पुढे संकेतस्थळावर. उत्तर सोलापूर तालुक्यातील शेतकऱ्याची तालुक्याची कचेरी सोलापूर शहरातच आहे. ज्या नालाबांधाविषयी त्याला शंका आहे तो त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्या नालाबांधाचा कागद शहरात.

यादीत काय असते हेही पाहिले पाहिजे. नाव, गाव, योजना, रक्कम. गावकऱ्याला यांपैकी पहिल्या तीन गोष्टी यादीवाचूनही ठाऊक असतात. त्याला ठाऊक नसते ते हे : गट क्रमांक कोणता लिहिला आहे, बांधाची लांबी व उंची मोजमाप पुस्तिकेत किती नोंदली आहे, मोजणी कोणत्या तारखेला झाली, आणि याच गटात यापूर्वी दुसऱ्या योजनेतून तेच काम झालेले दाखविले आहे काय. हे कळले तर टेप घेऊन शेतात जाणारा दहावी शिकलेला मुलगाही लेखापरीक्षकाचे काम करू शकतो. आणि २००५ च्या कायद्याने याची वाट बंद केलेली नाही. माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या कलम २ मध्ये आहे, तीत केवळ कागद पाहणे नव्हे, तर प्रत्यक्ष कामाची पाहणी करणे आणि सामग्रीचे प्रमाणित नमुने घेणे हेही येते. कायद्याच्या या भागाचा उपयोग रस्ते व इमारतींच्या बाबतीत सुचतो. शेतातल्या बांधाच्या बाबतीत तो फारसा कोणाला सुचत नाही. बांध खाजगी शेतात असतो आणि पाहणीसाठी दुसऱ्याच्या शेतात पाय ठेवावा लागतो, ही अडचण त्याला कारण असावी.

राज्य सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू केले. नालाखोलीकरण, बांधबंदिस्ती, समतल चर, शेततळी अशा विखुरलेल्या कामांना एका गावआराखड्यात आणणे आणि तो ग्रामसभेपुढे ठेवणे ही कल्पना १९४२ च्या मसुद्याची आठवण करून देणारी होती. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा या अभियानावरील अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळापुढे आला. तपासणीसाठी निवडलेल्या सहा जिल्ह्यांत सोलापूर होता, गावे १२०. अभियानावर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही पाण्याची गरज भागविणे आणि भूजलाची पातळी उंचावणे या दोन्ही उद्दिष्टांवर त्याचा परिणाम अल्प झाला, आणि कामांच्या अंमलबजावणीत पारदर्शकतेची उणीव होती, असे निष्कर्ष अहवालाने काढले. त्याच वर्षी राज्याने कामांच्या चौकशीचा निर्णय घेतला. अभियानाच्या बाजूने असे म्हणता येईल की, २०१८ सारख्या अपुऱ्या पावसाच्या वर्षाने कोणत्याही संधारणकार्याचे मोजमाप वाईटच दिसणार. तो युक्तिवाद पाण्याच्या निष्कर्षाला काही प्रमाणात लागू पडतो. पारदर्शकतेच्या निष्कर्षाला पावसाचे कारण लागू पडत नाही.

शेततळ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१६ साली राज्याने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. कमाल अनुदान ५०,००० रुपये. कागदावर शेततळे म्हणजे पावसाचे वाहते पाणी अडवून ठेवण्याची जागा, म्हणजेच संधारण. परंतु तळाला प्लास्टिकचा कागद अंथरला आणि विहिरीतले किंवा विंधनविहिरीतले पाणी उपसून त्यात भरले की तेच तळे भूजलाची साठवणटाकी होते. उन्हाळ्यात बाग वाचते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. महाराष्ट्रातील कोरडवाहू टापूंत हे घडते याकडे अनेक अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. लाभार्थ्यांच्या यादीवर ही दोन तळी सारखीच दिसतात : एक नाव, एक रक्कम. त्यांतील भेद सांगू शकेल तो शेजारीच, ज्याला १८८३ च्या कायद्याने निदान बोलावण्याची शक्यता ठेवली होती आणि आजच्या पद्धतीत ज्याला कोणी विचारीत नाही. अनुदान व्यक्तीला दिले आणि पाणी समाईक राहिले, म्हणजे असे व्हावयाचेच.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९३०-४० च्या दशकातील धुळीच्या वादळांनंतर १९३५ साली मृदसंधारणाचे सरकारी खाते उभे राहिले. १९८५ च्या कायद्याने धूप होणारी जमीन पिकाखालून काढून ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना वार्षिक रक्कम देण्यास प्रारंभ झाला. तेथे अनुदानाच्या रकमा व घेणाऱ्यांची नावे लोकांना मिळतात. परंतु २००८ च्या शेतीविषयक कायद्याच्या एका कलमाने शेतकऱ्याने सरकारला दिलेली शेताची व शेतीच्या पद्धतीची माहिती आणि जमिनीच्या नकाशांची माहिती उघड करण्यास प्रतिबंध केला. म्हणजे पैसा कोणाला मिळाला हे कळावे, पण कोणत्या तुकड्यावर काय झाले हे सहज कळू नये. युरोपात याच्या उलट दिशेने वाद झाला. जर्मनीतील हेसन राज्यातील शेतकऱ्यांच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१० रोजी निर्णय दिला की, अनुदान घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे नाव व रक्कम कोणताही भेद न करता प्रसिद्ध करणे हे प्रमाणाबाहेरचे आहे. पुढे २०१३ मध्ये नावे पुन्हा प्रसिद्ध करण्याचे नियम झाले, मात्र अगदी लहान रकमा घेणाऱ्यांची नावे वगळून. युरोपातील या वादाचा विषय नाव हाच होता.

भारतात नावाचा हा वाद २०२३ साली वेगळ्या दाराने आत आला. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. मूळ कलमात वैयक्तिक माहिती नाकारता येई ती सार्वजनिक कामाशी तिचा संबंध नसेल तर, किंवा ती दिल्याने खाजगी जीवनावर विनाकारण आक्रमण होत असेल तर; आणि संसदेला वा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कोणालाही नाकारता येणार नाही, असे परंतुकही होते. बदललेल्या कलमात केवळ ‘वैयक्तिक माहिती’ एवढाच निकष उरला. सार्वजनिक हिताचा तोल पाहण्याचे कलम ८(२) शिल्लक आहे, आणि लाभाधिकाऱ्यांचा तपशील प्रसिद्ध करण्यास सांगणारी कलम ४ मधील बारावी बाबही जशीच्या तशी आहे. एकाच कायद्यातील एक तरतूद नाव प्रसिद्ध करण्यास सांगते आणि दुसरी ते नाकारण्यास आधार देते. यांतील कोणतीचा आधार घ्यावयाचा हे प्रथम ठरविणार तो तालुक्याच्या कचेरीतील जनमाहिती अधिकारी.

त्या अधिकाऱ्यापुढे येणाऱ्या अर्जांत नाव आणि काम हे दोन वेगळे करता येण्यासारखे आहेत, ही गोष्ट मात्र १९४२ चा मसुदा पाहिल्यावर स्पष्ट होते. गट क्रमांक, बांधाची लांबी, सांडव्याची जागा, मोजणीची तारीख व खर्च एवढे गावाच्या नकाशावर दाखवून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावले तर त्यात कोणाचे नाव लिहिण्याची गरज नाही. गट क्रमांकावरून गावाला माणूस कळतोच, आणि गावाबाहेरच्याला तो कळण्याचे कारण नाही. १९४२ च्या कायद्याखालील योजनांचे मसुदे व नकाशे या दृष्टीने जिल्ह्याच्या अभिलेखांत शोधून, आज त्या शेतांत उभे असलेले बांध त्यांच्याशी ताडून पाहण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करता येण्यासारखे आहे. हिप्परग्याच्या तलावात उतरणारे पाणी ज्या गावांच्या शेतांतून येते, त्या गावांपासून त्याचा प्रारंभ करता येईल.